समाजशास्त्र आणि माझे घर

मोहाडीहून बी.ए.ला समाजशास्त्र घेतले तेव्हा अब्बांनी विचारले, “हे शिकून करणार काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. पण त्याआधीच, १९१६ मध्ये, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचला होता. जातीतल्या जातीत लग्ने होतात म्हणून जात टिकते, हे त्याचे सार. याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्याने हरवले.

निबंध वाचताना वाटले, हा दुसऱ्यांचा प्रश्न आहे; इस्लाममध्ये सगळे समान. मग बहिणीचे स्थळ आठवले. मुलगा शिकलेला, नमाजी. तरी ‘आपल्या बिरादरीचा नाही’ म्हणून नकार गेला. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही निकाहाच्या वेळी वेगळे होतो. पुढे इम्तियाज अहमद यांनी १९७३ साली संपादित केलेले मुस्लिमांमधील जातींवरचे पुस्तक हाती आले, तेव्हा कळले की हे आमच्याच घरापुरते नाही.

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. ते त्यांच्यासमोर बोलायला मात्र मला आणखी चार वर्षे लागली.