वाशीम : वाकाटकांच्या राजधानीत

अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी दरवर्षी लाखो पर्यटक येतात. क्रमांक १६ चे लेणे कोरविणारा वराहदेव हा वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री होता, ही माहितीही त्यांपैकी अनेकांना मार्गदर्शकाकडून मिळते. मात्र या हरिषेणाची राजधानी आजच्या महाराष्ट्रातच आहे आणि ती म्हणजे विदर्भातील वाशीम हे गाव, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. प्राचीन ग्रंथांतील ‘वत्सगुल्म’ ते हेच. कापूस आणि सोयाबीनच्या बाजारपेठेमुळे परिचित असलेल्या या जिल्ह्याच्या ठिकाणी काय पाहावे, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. त्याचे उत्तर तेथील तलाव, कुंडे, देवळे आणि जुन्या गल्ल्यांमध्ये दडलेले आहे.

ताम्रपटाने उलगडलेला इतिहास

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याची विभागणी झाली. एक शाखा नंदिवर्धनला म्हणजे आजच्या रामटेक परिसरात राहिली, तर प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म येथे गादी स्थापन केली. या दुसऱ्या शाखेचा स्पष्ट उलगडा १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे झाला. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती (दुसरा) याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून हे दानपत्र दिले. नांदेड परिसरातील एक गाव त्यात ब्राह्मणांना दान दिले आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. राजदरबारात संस्कृत प्रतिष्ठित होत असताना लोकव्यवहारात प्राकृत टिकून होती, याचा हा बोलका पुरावा होय. या लेखाच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखातील राजांची नावे नव्याने वाचली आणि वत्सगुल्म शाखेचा इतिहास सुसंगतपणे उभा राहिला.

हे नगर केवळ राजकारणाचे नव्हे, साहित्याचेही केंद्र होते. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याच्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याची दखल आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकाराने घेतली आहे. दुर्दैवाने हे काव्य आज पूर्णरूपात उपलब्ध नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. वैदर्भी रीतीला त्याने ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ म्हटले आहे, ते याच गावाच्या नावावरून.

नावाची उपपत्ती मात्र निरनिराळी सांगितली जाते. स्थलपुराणानुसार वत्स ऋषींच्या तपोभूमीत देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, जमला म्हणून हे वत्सगुल्म. ‘कामसूत्रा’वरील जयमंगला टीका वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांचा उल्लेख करते.

पद्मतीर्थ आणि इतर तीर्थे

वाकाटकांचे राजवाडे वा तटबंदी आज वाशीममध्ये दिसत नाही. जुन्या नगरावरच नवे गाव पुनःपुन्हा वसत गेले. त्यामुळे येथील प्राचीनत्व शोधायचे ते तीर्थांमध्ये. वत्सगुल्म क्षेत्रात १०८ तीर्थे असल्याचे परंपरा सांगते. यांपैकी पद्मतीर्थ हे प्रमुख होय. विष्णूने ते निर्माण केले, अशी श्रद्धा असून गावाच्या उत्तरेकडील या कुंडाला बांधीव घाट आहेत. अस्थिविसर्जनासाठी या तीर्थाचे महत्त्व पूर्वापार मानले जाते.

मध्यमेश्वर

वाशीममधील सर्वांत कुतूहलजनक स्थान म्हणजे मध्यमेश्वराचे मंदिर. पृथ्वीची मध्यरेषा येथून जाते, असे सांगितले जाते. वरवर पाहता ही दंतकथा वाटते. परंतु तिच्यामागे भारतीय ज्योतिषशास्त्राचा आधार आहे. लंका, उज्जयिनी आणि मेरू यांना जोडणारी दक्षिणोत्तर रेषा प्राचीन ज्योतिषी शून्य रेखांश मानीत आणि इतर ठिकाणच्या वेळा तीवरून काढीत. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने या रेषेवरील स्थळांत वत्सगुल्माचाही समावेश केला आहे. आधुनिक मोजमापानुसार उज्जैन सुमारे ७५.८ अंश, तर वाशीम सुमारे ७७.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे दोहोंच्या स्थानिक वेळेत जेमतेम ५ मिनिटांचा फरक पडतो. ग्रहणांच्या निरीक्षणावरून अंतरे ठरविण्याच्या त्या काळात एवढी चूक क्षम्यच म्हणावी लागेल.

बालाजी मंदिर आणि देवतलाव

गावातील सर्वांत भव्य वास्तू म्हणजे बालाजीचे मंदिर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नागपूरकर भोसले घराण्यातील साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी ते बांधविले. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत लपविण्यात आल्या होत्या आणि पुढे त्या योगायोगाने सापडल्या, अशी आख्यायिका आहे. फरसबंदी प्रशस्त प्रांगण आणि भोवतालच्या ओवऱ्या ही या मंदिराची वैशिष्ट्ये. आश्विन महिन्यात येथे मोठा उत्सव भरतो. भवानी काळू यांनीच बांधविलेला चौकोनी देवतलाव आवर्जून पाहावा.

गावाचे प्रशासकीय महत्त्वही जुने आहे. इंग्रजी अमलात ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला.

परिसरात

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्रसिद्ध जैन तीर्थ आहे. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. दिगंबर व श्वेतांबर पंथीयांतील वादामुळे १९८१ पासून बंद असलेले हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मार्च २०२३ मध्ये उघडले.

कारंजा (लाड) हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना परिचित आहे. परंतु हे मध्ययुगातील धनाढ्य व्यापारी नगरही होते. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी त्यावर स्वारी केली होती. येथील जैन मंदिरांतील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. येथील ग्रंथभांडारांत जपलेल्या हस्तलिखितांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी अनेक अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले. मराठीच्या जडणघडणीचा अभ्यास करणाऱ्याला ही भांडारे टाळता येत नाहीत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. ‘बंजारा विरासत’ या संग्रहालयाचे उद्घाटन येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

वारशाचे भवितव्य

राजवाडे कोसळले तरी त्यांचे अवशेष मातीखाली शिल्लक राहतात; तलावाचे तसे नसते. पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, काठावर बांधकामे झाली, की तीर्थ पाहता पाहता नामशेष होते आणि मागे उरते ते केवळ पोथीतील नाव. वाशीमचा वारसा एखाद्या तिकीट लावलेल्या स्मारकात नसून नागरिकांच्या रोजच्या वापरातील जागांत आहे. म्हणूनच १०८ तीर्थांपैकी जी अद्याप ओळखता येतात, त्यांची नोंद आणि जपणूक हे काम देवळाच्या रंगरंगोटीपेक्षा निकडीचे आहे.

कसे जाल?

वाशीम हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानक आहे. अकोल्याहून रस्त्याने अंतर सुमारे ८० किलोमीटर असून एसटी बसची सोय आहे. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना जिल्ह्यातील कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगाव येथे उतरता येते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस उत्तम. गावातील तीर्थे व मंदिरे पाहण्यास एक दिवस पुरतो. शिरपूर, कारंजा व पोहरादेवीसाठी आणखी दोन दिवस हाताशी असावेत.