ग्लासनोस्त : परवानगी आणि अधिमान्यता

मार्च १९८५मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले, तेव्हा पक्षाची सत्ता मोडावी असा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. ‘ग्लासनोस्त’ म्हणजे खुलेपणा. परंतु प्रारंभी त्याचे प्रयोजन मर्यादित होते. आर्थिक पुनर्रचनेच्या आड येणाऱ्या नोकरशाहीवर लेखक-वाचकांचा दबाव आणावा, एवढेच त्यातून अपेक्षित होते. हे साधन ते वापरणाऱ्यावरच का उलटले, याचे उत्तर केवळ अर्थकारणात सापडत नाही.

सोव्हिएत राज्याची अधिमान्यता मुक्त निवडणुकीतून आलेली नव्हती. इतिहासाची दिशा पक्षाला कळते, या दाव्यावर ती उभी होती. म्हणूनच भूतकाळाची संहिता कोणी लिहावी आणि तिचा अन्वयार्थ कोणी लावावा, हा तेथे सत्तेचाच प्रश्न होता. १९२२मध्ये स्थापन झालेली ‘ग्लावलित’ ही प्रकाशनपूर्व तपासणीची यंत्रणा या दाव्याची राखण करीत असे.

दार यापूर्वीही किलकिले झाले होते. १९६२मध्ये ख्रुश्चॉव्ह यांच्या संमतीने सोल्झेनित्सिन यांची श्रमछावणीवरील लघुकादंबरी ‘नोवी मीर’ने छापली, पुढे ते दार बंदही झाले. या वेळी मात्र ओघच सुरू झाला. अख्मातोवा यांचे ‘रेक्विएम’ १९८७मध्ये आले, पास्तरनाक यांची ‘डॉक्टर झिवागो’ १९८८मध्ये. ज्या कादंबरीचे हस्तलिखित केजीबीने १९६१मध्ये जप्त केले होते, ती ग्रोसमन यांची ‘जीवन आणि नियती’ही त्याच वर्षी. अशी पुस्तके चोरून वाचणारे आधीही होते. नवे होते ते हे, की राज्याचे खंडन आता राज्याच्याच संमतीने छापले जात होते.

तरीही वाचकाच्या अंगी मुरलेली भीती लगेच गेली नाही. १३ मार्च १९८८ रोजी ‘सोव्हिएत्स्काया रोसिया’ने लेनिनग्राडच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका नीना आंद्रेयेवा यांचे पत्र छापले. स्टालिनवरील टीका अतिरेकी होत असल्याची तक्रार त्यात होती. एका वाचकाचे पत्र, एवढेच त्याचे मोल असावयाचे. परंतु देशाने ते पत्र म्हणून वाचले नाही, आदेश म्हणून वाचले. सुमारे तीन आठवडे बहुतेक संपादक गप्प राहिले. ५ एप्रिलला ‘प्रावदा’ने प्रत्युत्तर दिले, आणि मग सारे बोलू लागले. खुलेपणाचे रक्षणही वरून आलेल्या अधिकृत लेखानेच व्हावे, ही विसंगती या सुधारणेच्या मुळाशीच होती. त्याच वर्षी शालेय इतिहासाच्या अंतिम परीक्षा रद्द कराव्या लागल्या. कोणते उत्तर बरोबर धरावे, हेच ठरेनासे झाले होते.

स्टालिनवर टीका करावी, लेनिनला हात लावू नये, ही पक्षाने आखलेली लक्ष्मणरेषा होती. १९८९मध्ये ‘नोवी मीर’ने ‘गुलाग द्वीपसमूहा’तील प्रकरणे छापण्यास आरंभ केला आणि ती ओलांडली गेली, कारण सोल्झेनित्सिन छावण्यांचे मूळ लेनिनच्याच राजवटीत शोधतात. आता दोष व्यक्तीचा उरला नाही, उगमाचा झाला.

याचे राजकीय पर्यवसान बाल्टिक प्रदेशात सर्वांत स्पष्ट दिसते. डिसेंबर १९८९मध्ये लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने १९३९च्या सोव्हिएत-जर्मन कराराच्या गुप्त कलमांचा निषेध केला. इस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया स्वेच्छेने संघात आले, हे कथन त्यामुळे संघाच्याच सर्वोच्च सभेत निराधार ठरले. ११ मार्च १९९०ला लिथुएनियाने स्वातंत्र्य पुनःस्थापित केल्याचे घोषित केले. साहित्याने राज्य पाडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तेलाच्या कोसळलेल्या किमती, रिकामी दुकाने आणि येल्त्सिन यांच्या नेतृत्वाखालील रशियाचे आव्हान यांचा वाटा मोठाच आहे. मात्र अशी संकटे बळाने दडपण्यास लागणारा आत्मविश्वास कोठे हरवला, हे सांगण्यास ती कारणे पुरेशी नाहीत.

१ ऑगस्ट १९९०पासून अंमलात आलेल्या वृत्तपत्र कायद्याने प्रकाशनपूर्व तपासणी संपुष्टात आली. ऑगस्ट १९९१मध्ये बंडखोर नेत्यांनी मोजकी वृत्तपत्रे वगळून इतरांवर बंदी घातली, तेव्हा बंदी आलेल्या अकरा वृत्तपत्रांच्या पत्रकारांनी एकत्र येऊन एक सामाईक वृत्तपत्र काढले. ‘प्रावदा’ काय म्हणते, याची वाट त्यांनी पाहिली नाही.