लहान होत गेलेला छेद

अम्लपित्त हा शब्द मराठी घराला परका नाही. माधवनिदानात या विकाराला स्वतंत्र अध्याय असून आंबट-कडू ढेकर आणि छाती-घशातील दाह ही त्याची लक्षणे तेथे नोंदलेली आहेत. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंचे वळे सैल पडले, म्हणजे जठरातील आम्ल वर चढते व नलिकेला व्रण करते, हा उलगडा मात्र विसाव्या शतकातला.

नाझी राजवटीमुळे १९३३ साली जर्मनी सोडून गेलेले शस्त्रवैद्य रुडॉल्फ निसेन इस्तंबूलला काम करीत होते. तेथे एका रुग्णाच्या अन्ननलिकेचे टाके सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी त्यांभोवती जठराची घडी घातली. त्या रुग्णाला पुढे जळजळीचा त्रास राहिला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. टाक्यांच्या रक्षणासाठी योजलेली ती घडी १९५५ साली बाझेल येथे त्यांनी थेट या विकारावरच योजिली. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती उपरण्यासारखा गुंडाळावयाचा, एवढेच तिचे तत्त्व.

अडचण होती ती वाटेची. दुरुस्ती चार बोटांची, पण तेथवर पोहोचण्यासाठी पोटावर वीतभर छेद! काही वर्षांनी आम्ल रोखणारी प्रभावी औषधे आली आणि बहुतेकांचे शस्त्रक्रियेवाचून भागू लागले.

वाट लहान करण्याचे काम मुंबईतही चालू होते. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने पोटात पाहून निदान करण्याचा पायंडा पाडला आणि १९९० साली त्याच मार्गाने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी बेल्जममधील लिएज येथील बर्नार्ड दालमाञ यांनी निसेन यांची घडी दुर्बिणीतून घातल्याचे प्रसिद्ध केले. पोटात वायू भरून चार-पाच लहान छिद्रांतून हे काम होते.

ही श्रीमंतांची चैन नव्हे, हा उदवाडियांचा आग्रह होता. हातावर पोट असणाऱ्याला अंथरुणातला प्रत्येक दिवस मजुरीला मुकवतो. म्हणून लवकर उठणे त्यालाच अधिक मोलाचे.

तथापि छेद लहान झाला म्हणून निर्णय लहान होत नाही. घडी घट्ट बसली तर घास अडकतो, ढेकर देणेही कठीण होते. म्हणून आधी अन्ननलिकेची तपासणी आणि आम्लाचे मोजमाप करावे लागते. औषध पुरेसे पडत नाही, वा ते जन्मभर घेणे नको वाटते, अशा निवडक रुग्णांसाठीच ही शस्त्रक्रिया आहे.