सूर आणि रेषा

गाणे ऐकावे, वृत्तपत्रातील हास्यचित्र पाहून घटकाभर हसावे आणि पुन्हा कामाला लागावे, एवढेच करमणुकीचे प्रयोजन सामान्यतः मानले जाते. परंतु हीच करमणूक सत्ताधाऱ्यांना कधी कधी किती असह्य होते, याचा दाखला दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिनाच्या इतिहासात सापडतो.

अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेन्दोसा हे द्राक्षमळ्यांचे शहर वसले आहे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी तेथील पत्रकार संघाच्या वास्तूत काही कवींनी व गायकांनी नव्या गीतचळवळीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. लोकगीत ही केवळ प्रवाशांना दाखवावयाची शोभेची वस्तू नव्हे. आजच्या माणसाचे सुखदुःख त्यातून बोलले पाहिजे, हा त्याचा आशय. कवी आर्मान्दो तेहादा गोमेस यांच्यासह त्यात मेर्सेदेस सोसा ही तुकुमान प्रांतातील कष्टकरी कुटुंबातून आलेली गायिका होती. १९६५ साली कोस्कीनच्या लोकसंगीत महोत्सवात गायक होर्हे काफ्रुने याने तिला मंचावर आणले. बोम्बो नावाच्या ढोलाच्या साथीने ती गायिली आणि श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले.

याच मेन्दोसात १९३२ साली होआकीन लावादो ऊर्फ किनो या व्यंगचित्रकाराचा जन्म झाला. त्याची माफाल्दा ही चिमुरडी २९ सप्टेंबर १९६४ रोजी एका साप्ताहिकात अवतरली आणि पुढल्याच वर्षी 'एल मुंदो' या दैनिकात वाचकांना भेटू लागली. युद्धे का होतात, गरीब गरीबच का राहतात, असे प्रश्न विचारून ती आईबापांना निरुत्तर करी. घरातला पृथ्वीचा गोल तिला आजारी वाटे आणि सूपाचा तर तिला मनस्वी तिटकारा. हे सूप म्हणजे जनतेच्या गळी उतरविली जाणारी लष्करी राजवट, असा खुलासा किनोनेच पुढे केला. १९७३ साली त्याने ही मालिका थांबविली.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. ४ जुलै रोजी ब्वेनोस आइरेसमधील संत पॅट्रिक यांच्या चर्चच्या निवासस्थानी तीन धर्मगुरू आणि धर्मशिक्षण घेणारे दोन तरुण यांची हत्या झाली. पोलिसाचा सोटा दाखवून, विचारांना पोचे पाडण्याचे हत्यार ते हेच, असे सांगणाऱ्या माफाल्दाचे चित्र तेथे होते. मारेकऱ्यांनी ते एका मृतदेहावर टाकले. विनोदाचा अर्थ त्यांना पुरेपूर कळला होता. त्याच वर्षी किनो इटलीतील मिलान शहरी गेला. सोसाला ला प्लाता येथे ऐन कार्यक्रमात श्रोत्यांसह अटक झाली आणि १९७९ साली तिलाही मायदेश सोडावा लागला.

फेब्रुवारी १९८२ मध्ये, हुकूमशाही संपलेली नसतानाच, सोसा परतली. राजधानीतील ऑपेरा नाट्यगृहात तिचे कार्यक्रम झाले आणि त्यांचे ध्वनिमुद्रण घरोघर पोचले. पुढील वर्षाच्या डिसेंबरात लोकशाही आली. २००९ च्या ऑगस्टमध्ये ब्वेनोस आइरेसच्या सान तेल्मो भागात एका बाकावर माफाल्दाची मूर्ती बसविण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबरात, सोसाचे निधन झाले. किनोही २०२० साली मेन्दोसातच निवर्तला.

त्या बाकावर मुले माफाल्दाला खेटून बसतात, हसतात. ज्या हास्यासाठी एके काळी माणसे जिवाला मुकली, ते आता तेथे निर्धास्तपणे उमटते.