कल्ल्यांची फट आणि चेहऱ्याची नस

जबड्याच्या कोनाखाली पुन्हा पुन्हा सुजणाऱ्या गाठीचं मूळ शोधत गेलं की वाट डुकराच्या गर्भापाशी पोचते. 1825मध्ये हाइनरिश राठके यांना त्या गर्भाच्या गळ्याशी माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी दिसल्या. 1832मध्ये बर्लिनच्या आशरसन यांनी मानेवरच्या जन्मजात छिद्रांचा संबंध याच फटींशी जोडला: त्या पुरत्या बुजल्या नाहीत, म्हणून छिद्रं राहिली. ही उसनवारी फार धाडसाची होती, आणि माझ्या मते अचूकही.

तिला खरं आव्हान दिलं भास्कर आणि बर्नियर यांनी, 1959मध्ये, 468 गाठी तपासून. गाठींच्या भिंतीत लसिकाग्रंथीसारख्या पेशी दाटलेल्या असतात. तेव्हा मूळ लसिकाग्रंथीतच, कल्ल्यांच्या फटीत नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मानेच्या बाजूच्या गाठी बहुधा ऐन तारुण्यात दिसतात. जन्मजात असत्या तर इतकी वर्षं कुठे दडल्या? प्रश्न बोचरा आहे, आणि त्या गाठींपुरतं त्यांचं म्हणणं मी निम्मं तरी मानतो.

कानाजवळच्या गाठीपुढे मात्र ते थिटं पडतं. गर्भाच्या गळ्यात फटींच्या मध्ये कमानी असतात; त्यांतल्या पहिल्या आणि दुसऱ्या कमानीमधल्या फटीतून कानाचा बाहेरचा मार्ग घडतो. पुढच्या फटी बुजून जातात. या पहिल्या फटीचा उरलेला भाग कानापासून जबड्याच्या कोनाकडे नळीसारखा जातो. त्याला त्वचेचं अस्तर असतं आणि कधी कूर्चाही, जणू दुसरा कानच. लसिकाग्रंथीत कूर्चा कुठून येणार? शिवाय चेहऱ्याची नस ही दुसऱ्या कमानीची नस, म्हणजे या फटीची सख्खी शेजारीण. पाकट माशाच्या डोळ्यामागचं छिद्र हीच पहिली फट, आणि तिथेही या नसेची मुख्य शाखा छिद्राच्या पाठीमागूनच उतरते. माझ्या लेखी हा पुरावा निर्णायक आहे.

वर्क यांनी 1972मध्ये पहिल्या फटीच्या या विकृतीचे दोन प्रकार पाडले. कूर्चावाला दुसरा प्रकार कानाखालच्या लाळग्रंथीत शिरतो. तिथे नस नळीच्या कधी वर, कधी खाली, तर कधी नळी तिच्या शाखांमधून गेलेली. नस, ग्रंथी आणि फट एकाच दाटीत वाढतात, त्यामुळे ज्याला जशी जागा मिळाली तसा हा गुंता पडत असावा. म्हणून सर्जन आधी कानाच्या कूर्चेचं टोक आणि जबड्याखालच्या द्विउदरी स्नायूची कड धरून नसेचं खोड शोधतात, शाखा मोकळ्या करतात आणि मगच गाठीला हात घालतात. गळू समजून आधी वारंवार चिरे दिलेले असतील, तर व्रणांच्या जाळ्यात नस ओळखणं फार कठीण जातं. लहान मुलांत कानामागच्या हाडाचा उंचवटा पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे नस त्वचेच्या अगदी जवळ असते आणि उथळ चिरासुद्धा तिला पुरतो.