स्टॅटिन आणि मूत्रपिंडविकार

स्टॅटिन हा रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी करणाऱ्या औषधांचा वर्ग आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर आवश्यक असते. स्टॅटिन त्याचे कार्य रोखते. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या वर्गातील पहिले संयुग मिळवले.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्यांना हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका बराच अधिक असतो. अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात. अशा रुग्णांना स्टॅटिन दिले जाते ते हृदय व रक्तवाहिन्यांच्या रक्षणासाठी. मूत्रपिंड बरे करण्यासाठी नव्हे. हा भेद पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'शार्प' या चाचणीत नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंडविकारग्रस्तांचा समावेश होता. सिम्व्हास्टॅटिन व इझेटिमाइब एकत्र घेणाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्यांत मेद साचून उद्भवणाऱ्या गंभीर घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या. मूत्रपिंडाच्या ऱ्हासाचा वेग मात्र औषधाने मंदावला नाही, तसाच तो वाढलाही नाही. 'या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होते' या भीतीपोटी औषध परस्पर बंद करणाऱ्यांच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे.

== डायलिसिसवरील रुग्ण ==

येथे चित्र बदलते. '४डी' (२००५) व 'ऑरोरा' (२००९) या चाचण्यांत डायलिसिसवरील रुग्णांचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत एकत्रितपणे लक्षणीय घट आढळली नाही. या अवस्थेत अनेक मृत्यू हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडामुळे किंवा हृदय निकामी झाल्यामुळे होतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डायलिसिसवर असताना स्टॅटिन नव्याने सुरू करू नये. आधीपासून चालू असल्यास चालू ठेवावे.

== दुष्परिणाम व मात्रा ==

क्वचित प्रसंगी स्टॅटिनमुळे स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. त्यांतून सुटणारे मायोग्लोबिन मूत्रपिंडास इजा करते. तीव्र स्नायुदुखी व चहाच्या रंगाची लघवी ही त्याची लक्षणे असून, ती दिसताच डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. मूत्रपिंडरोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनमुळे हा धोका वाढतो. ॲटोर्व्हास्टॅटिन लघवीवाटे अत्यल्प बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडविकारात त्याची मात्रा सहसा बदलावी लागत नाही. रोसुव्हास्टॅटिन मात्र तीव्र विकारात ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.