पाचशे बावन्न खुर्च्यांचा हिशेब

३१ मे १९०१ रोजी लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एका जर्मन पियानो कंपनीने आपल्या दुकानाला लागून एक हॉल उघडला. हेतू सरळ धंद्याचा होता. बर्लिनच्या बेखस्टाइन कंपनीचे पियानो उत्तम आहेत असे जाहिरातीत छापण्यापेक्षा ते लोकांना ऐकवलेले बरे. ऐकवायचे तर वाजवणारा नामांकित हवा, जागा देखणी हवी आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक सूर स्वच्छ पोचायला हवा. बर्लिनमध्ये १८९२ साली त्यांनी हे करून पाहिले होते. लंडनलाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. सॅव्हॉय हॉटेल बांधणाऱ्या टॉमस कोलकट यांना काम दिले, भिंतींना संगमरवर लावला आणि सुमारे एक लाख पौंड ओतले. पहिल्याच मैफलीत पियानोवर फेर्रुचो बुसोनी आणि व्हायोलिनवर यूजेन इझाय होते.

त्याच महिन्यात, ५ मे १९०१ ला, लाहोरमध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण राजेरजवाड्यांच्या आश्रयावर आणि सरदारांच्या दिवाणखान्यांत वाढलेले संगीत तिकीट काढून येणाऱ्यांपुढे मांडायचे, तर खर्च कोणी सोसायचा, हा पेच दोन्हीकडे होता. पलुस्करांनी तिकिटे लावून जलसे केले, देणग्या मागितल्या, कर्जे काढली, आणि त्यांच्या विद्यालयाची मुंबईची इमारत अखेर कर्जापायी लिलावात गेली. लंडनच्या हॉलवरही लिलावाची पाळी आली, मात्र कर्जामुळे नव्हे.

त्याआधी या हॉलमध्ये काय वाजते ते सांगायला हवे. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत. त्यातला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. छडी हलवणारा कंडक्टर नसतो, माइक नसतो. पहिला व्हायोलिनवादक श्वास घेतो आणि त्या श्वासावर बाकीचे तिघे उठाव घेतात. आपल्या घरगुती बैठकीत पुढच्या रांगेतल्या श्रोत्याला गवयाच्या गळ्याची शीर दिसते, तशीच इथली जवळीक. म्हणून हे संगीत हजार-दोन हजारांच्या सभागृहात हरवते. या हॉलमध्ये खुर्च्या आहेत ५५२. गेली सव्वाशे वर्षे या संस्थेची सगळी शान आणि सगळी विवंचना या एका आकड्यात आहे.

हॉल लांबट, चौकोनी. समोर लहानसा मंच आणि त्यावर अर्धगोल घुमटी. घुमटीतले चित्र जेरल्ड मोइरा यांचे. गडद निळ्या आकाशात आगीचा एक गोळा, त्यातून फुटणारे किरण, आणि त्याच्याकडे वर पाहत उभी असलेली संगीताच्या आत्म्याची आकृती. भोवती काटेरी जाळी आहे: माणूस आणि परिपूर्ण संगीत यांच्यामधला अडसर म्हणून. एका बाजूला तंद्री लागलेला वादक आहे, दुसऱ्या बाजूला रचना लिहीत बसलेला संगीतकार. चित्र थोडे भडक आहे, आणि एखादी चौकडी नीरस वाजवत असेल तेव्हा तर फारच नजरेत भरते. पण ध्वनीसाठी जगभरचे वादक या खोलीचे नाव घेतात. हलकी कुजबूज करावी इतक्या मंद सुरात गाणाऱ्याचा शब्दसुद्धा इथे सुटत नाही.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन पाटी अंगाशी आली. शत्रूच्या मालमत्तेविषयीचा कायदा १९१६ मध्ये कडक झाला, कंपनीचा इंग्लंडमधला धंदा बंद केला गेला आणि दुकान, गोदामे, १३७ तयार पियानो आणि हॉल असा सगळा जामानिमा विक्रीला निघाला. डेबनहॅम्स या कापडाच्या मोठ्या दुकानदारांनी तो ५६,५०० पौंडांत घेतला. एकटा हॉल बांधायला याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम लागली होती. १९१७ मध्ये हॉल उघडला तो रस्त्याचे नाव लावून. जर्मन कंपनीचे नाव पुसले गेले, पण मैफलींच्या पत्रिकेत बीथोव्हन, शूबर्ट आणि ब्राम्स होते तिथेच राहिले. त्यांना वगळून चेंबर म्युझिकचा हॉल चालवणार तरी कसा?

पुढची कित्येक दशके विगमोर हॉल मुख्यतः भाड्याने मिळणारी जागा होती. तरुण कलावंताने किंवा त्याच्या पाठीराख्याने भाडे भरायचे, पत्रिका छापायच्या, ओळखीपाळखीच्यांना तिकिटे द्यायची आणि वृत्तपत्रांच्या समीक्षकांची वाट पाहायची. लंडनमध्ये नाव करायचे तर विगमोरला एकदा वाजवणे भाग होते. म्हणजे हॉलचा खर्च बऱ्याच अंशी नवशिक्यांच्या खिशातून भागत होता. याचे कौतुक करता येत नाही. तरीही या हॉलच्या इतिहासातले काही मोठे प्रसंग याच काळात घडले.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन १९४२ मध्ये अमेरिकेहून परतले आणि त्याच सप्टेंबरात त्यांची मायकेलअँजेलोच्या सुनीतांवरची गाणी इथे प्रथम सादर झाली. गायक पीटर पिअर्स, पियानोवर स्वतः ब्रिटन. १९४५ च्या नोव्हेंबरात २१ आणि २२ अशा लागोपाठ दोन दिवशी त्यांच्या दोन मोठ्या रचना इथेच प्रथम वाजल्या: दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट आणि जॉन डनच्या धार्मिक सुनीतांवरची गाणी. त्याच वर्षी ब्रिटन यांनी व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनबरोबर जर्मनीत जाऊन बेल्सनच्या छळछावणीत वादन केले होते, आणि परतल्यावर काही दिवसांत ही गाणी लिहिली होती. विगमोरला जुन्या संगीताची तिजोरी मानणाऱ्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात. त्या काळात हे संगीत ताजे होते, शाई वाळायची होती.

मला मात्र या इतिहासातले सर्वांत जवळचे पान वाटते ते १० जानेवारी १९४८ चे. त्या दिवशी अमाडेउस क्वार्टेटची पहिली लंडन मैफल झाली. नॉर्बर्ट ब्रेनिन, झिगमुंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे तिघे व्हिएन्नातून जीव वाचवून आलेले ज्यू तरुण. इंग्लंडमध्ये आश्रय मिळाला, पण १९४० मध्ये ऑस्ट्रियन म्हणून ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरून ते नजरकैदेच्या छावण्यांत गेले. तिथेच त्यांची गाठ पडली. सुटल्यावर माक्स रोस्टाल या नामवंत गुरूने त्यांना फी न घेता शिकवले. चौथा, चेलोवादक मार्टिन लव्हेट, इंग्रज. विगमोरच्या मैफलीला पैशांचे पाठबळ दिले इमोजेन होल्स्ट यांनी. त्या गुस्ताव होल्स्ट यांच्या कन्या, आणि हे होल्स्ट म्हणजे ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देण्यासाठी संस्कृत शिकलेले आणि सावित्रीवर ऑपेरा रचणारे गृहस्थ. तिकिटांसाठी रांगा लागल्या. हे चौघे १९८७ मध्ये शिडलॉफ यांच्या मृत्यूपर्यंत एकत्र वाजवत राहिले. ज्या हॉलची जर्मन पाटी एका युद्धाने उतरवली, त्याच हॉलने दुसऱ्या युद्धात ‘शत्रू’ ठरवलेल्यांना नाव मिळवून दिले.

युद्धानंतर हॉलची जबाबदारी आर्ट्स कौन्सिलकडे, म्हणजे सरकारी अनुदान वाटणाऱ्या संस्थेकडे आली. १९६१ मध्ये सोळा वर्षांची जॅकलिन डू प्रे चेलो घेऊन इथे पहिल्यांदा बसली. १९७६ च्या मे महिन्यात एकोणनव्वद वर्षांचे आर्थर रुबिनस्टाइन आयुष्यातली शेवटची मैफल वाजवायला इथे आले. नजर जवळपास गेली होती. हा पियानोवादक जगातल्या कोणत्याही मोठ्या सभागृहात निरोप घेऊ शकला असता, पण १९१२ मध्ये हॉलवर अजून बेखस्टाइनची पाटी होती तेव्हा तरुणपणी तो इथे वाजवून गेला होता.

भाड्याच्या खोलीची संस्था केली ती विल्यम लाइन यांनी. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९६६ पासून २००३ पर्यंत त्यांनी हॉल चालवला. मैफली हॉलनेच ठरवायच्या, एखाद्या संगीतकाराभोवती महिनाभराची माळ गुंफायची, गायकांना पुन्हा पुन्हा बोलवायचे आणि रविवारी सकाळी तासाभराची मैफल करून श्रोत्यांच्या हाती कॉफी किंवा शेरीचा पेला द्यायचा, हे सगळे त्यांच्या काळात रुजले. १९९१-९२ मध्ये हॉल दुरुस्तीसाठी बंद ठेवला गेला आणि पुढे स्वतंत्र विश्वस्त संस्थेच्या हाती आला. २००५ मध्ये आयर्लंडचे जॉन गिलहूली संचालक झाले. वर्षाला पाचशेहून अधिक मैफली, स्वतःची ध्वनिमुद्रणे, आफ्रिकी संगीताची मालिका, जॅझ. अमेरिकेतले विजय अय्यर हे तमिळ वंशाचे पियानोवादक इथले निवासी संगीतकार होऊन गेले. आजच्या रचनाकारांकडून नवे लिहून घेणे ही आता इथे नित्याची गोष्ट आहे. सगळेच नवे टिकेल असे नाही, पण वाजल्याशिवाय ते कळायचे कसे?

१ जून २०२० रोजी टाळेबंदीत स्टीव्हन हफ रिकाम्या हॉलमध्ये पियानोवर बसले आणि बीबीसी रेडिओ थ्रीवरून थेट वाजवले. सुरुवात बाखच्या शाकोनने, बुसोनींनी पियानोसाठी केलेल्या रूपात. तेच बुसोनी, १९०१ च्या उद्घाटनाचे. शेवटी टाळ्या नाहीत. पाचशे बावन्न खुर्च्या मोकळ्या होत्या आणि ऐकणारे जगभर होते. त्या महिन्यातल्या मैफलींमुळे हॉलला देणाऱ्यांची संख्या वाढली.

ती पुंजी कामी आली. २०२५ मध्ये हॉलने जाहीर केले की २०२६ पासून आर्ट्स कौन्सिलचे अनुदान घेणार नाही. रक्कम वर्षाला सुमारे साडेतीन लाख पौंड, एकूण उत्पन्नाच्या मानाने किरकोळ. तिच्यासोबत येणाऱ्या अटी आणि कागदपत्रे मात्र किरकोळ नव्हती. हॉलने देणगीदारांकडून एक कोटी पौंडांचा निधी उभा केला होता, म्हणून ताठ मानेने नाही म्हणता आले. हा निर्णय मला पटतो, पण त्याचा गाजावाजा पटत नाही. लंडनच्या मध्यवस्तीतल्या, धनवान श्रोते लाभलेल्या संस्थेला हे परवडते. लहान गावात वर्षाला दहा मैफली करणाऱ्या मंडळाला साडेतीन हजार पौंडांचे अनुदानसुद्धा जीव की प्राण असते. विगमोरचे पाहून ‘कलेला सरकारी पैसा लागतोच कुठे’ असे कोणी म्हणू लागले, तर नुकसान त्या मंडळांचे आहे. आपल्याकडच्या गायनसमाजांना आणि संगीत मंडळांना हे वेगळे सांगायला नको.

३१ मे २०२६ ही हॉलच्या सव्वाशे वर्षांची तारीख. लंडनला जाणे होणार असेल तर आधी कार्यक्रमपत्रिका पाहून ठेवा. सोमवारी दुपारी एकची मैफल तासाभराची असते, स्वस्त असते आणि रेडिओवरूनही प्रसारित होते. शिकायला गेलेल्या मुलामुलींना आवर्जून सांगा: पस्तिशीच्या आतल्यांसाठी बऱ्याच मैफलींना पाच पौंडांची तिकिटे ठेवलेली असतात. आणि पुण्या-मुंबईत बसून ऐकायचे असेल तर हॉलच्या यूट्यूब वाहिनीवर अनेक मैफली विनामूल्य आहेत. फक्त चांगले हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर चेलो ऐकू येत नाही.